सांगलीत बसून ईटीएफ : उदयोन्मुख बाजारात पैसे गुंतवण्याची पद्धत, पायरीपायरीने

सांगली जिल्ह्यात बऱ्याच घरांत पैसा दरमहा येत नाही, हंगामाने येतो. ऊस तुटला की बिलाचा हप्ता, फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षं उतरली की व्यापाऱ्याचा हिशेब, कोल्ड स्टोरेजमधला बेदाणा तासगावच्या सौद्यात गेला की त्याचे, मार्केट यार्डात हळद विकली की तिचे. जाण्याची ठिकाणंही ठरलेली : बँकेतली ठेव, पतसंस्था, सोनं, जमलं तर प्लॉट. आता त्यात डीमॅट खात्याची, म्हणजे शेअर आणि फंडाची युनिटं ठेवायच्या खात्याची, भर पडली आहे. मोबाइल उघडला की 'इमर्जिंग' (उदयोन्मुख, म्हणजे भारत-चीनसारख्या वाढत्या देशांचे बाजार), 'टेक', 'इनोव्हेशन', 'न्यू एज' अशा नावांचे फंड समोर येतात. घ्यावेसे वाटतात, आणि त्यात चूकही काही नाही. फक्त घेण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी.

एखाद्या देशात नवी कल्पना यशस्वी होणं आणि तिचा नफा तुमच्या युनिटपर्यंत, म्हणजे फंडातल्या तुमच्या हिश्श्यापर्यंत, पोहोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या कल्पनेची मालक कंपनी शेअर बाजारात लिस्टेड असली पाहिजे, ती तुमच्या फंडाच्या निर्देशांकात (फंड ज्या ठरलेल्या कंपन्यांच्या यादीप्रमाणे चालतो तिच्यात) असली पाहिजे, आणि तुम्ही ते युनिट वाजवी भावाला घेतलेलं असलं पाहिजे. तिन्ही जुळलं तरच पुढचं गणित. खालच्या सगळ्या पायऱ्या या तीन अटी तपासण्यासाठीच आहेत.

आधी ईटीएफ म्हणजे काय, थोडक्यात

ईटीएफ म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत मिळणारा म्युच्युअल फंड. निफ्टी ५० हा एनएसई या शेअर बाजारातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक; त्याचा ईटीएफ घेतला की त्या पन्नास कंपन्यांमध्ये त्यांच्या वजनाप्रमाणे, म्हणजे निर्देशांकातल्या हिश्श्याप्रमाणे, तुमचे पैसे विभागले जातात. कोणता शेअर घ्यायचा हे फंड मॅनेजर ठरवत नाही, निर्देशांक ठरवतो. म्हणून खर्च कमी. निफ्टीच्या मोठ्या ईटीएफचा वार्षिक खर्च शंभर रुपयांमागे पाच पैशांच्या आसपास असतो. भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, बेंचमार्क म्युच्युअल फंडाने आणला आणि जानेवारी २००२ मध्ये तो एनएसईवर लिस्ट झाला. पुढे फंड घराण्याची मालकी बदलत गेली, आज तो निप्पॉन इंडियाकडे आहे. तुम्ही खाजगी नोकरीत असाल आणि पीएफ कापला जात असेल तर ईटीएफ तुम्हाला अगदीच परका नाही : पीएफ सांभाळणारी ईपीएफओ २०१५ पासून नव्याने येणाऱ्या रकमेचा काही भाग ईटीएफमध्ये घालते आहे.

ईटीएफला दोन किमती असतात. एक एनएव्ही, म्हणजे आतल्या शेअर्सची प्रति युनिट खरी किंमत. दुसरी बाजारातला भाव, ज्याला तुम्हाला युनिट मिळतं. दोन्ही जवळ राहतात ते मार्केट मेकरमुळे, म्हणजे बाजारात सतत खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या मोठ्या व्यापाऱ्यामुळे. भाव एनएव्हीच्या वर गेला की मार्केट मेकर फंडाकडे शेअर्स किंवा पैसे देऊन नवी युनिटं बनवून घेतो आणि बाजारात विकतो. भाव खाली येतो. हे नीट लक्षात ठेवा, परदेशी ईटीएफच्या पायरीवर सगळं यावरच येऊन अडतं.

पायरी १ : कोणते पैसे घालायचे

सात वर्षं लागणार नाहीत असे. त्याहून कमी मुदतीचे पैसे शेअर बाजारात आणू नयेत हे माझं ठाम मत आहे. बागाईतदाराच्या बाबतीत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, औषधं, मजुरी, पीककर्ज हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरतं ते. नोकरदाराने किमान सहा महिन्यांचा घरखर्च ठेवीत ठेवावा. आपल्याकडे याला आणखी एक कारण आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा वेळी पैसे लगेच हाती असावे लागतात, आणि बाजार नेमका पडलेला असेल तर युनिटं मिळेल त्या भावाला विकावी लागतात. २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स १३ टक्क्यांनी पडला होता. थांबू शकणाऱ्याचं त्या दिवशी फारसं बिघडलं नाही. ज्यांना त्या आठवड्यात पैसे हवे होते त्यांचं बिघडलं.

पायरी २ : खातं

शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीकडे नोंदलेल्या ब्रोकरकडे डीमॅट आणि ट्रेडिंग खातं उघडा. पॅन, आधार, बँक खातं आणि आधारला जोडलेला मोबाइल एवढं पुरतं. नॉमिनी त्याच दिवशी लावा. तरुण मुलं हे टाळतात आणि पुढे घरच्यांना वारसाच्या कागदांसाठी खेपा घालाव्या लागतात. ब्रोकर फ्यूचर्स-ऑप्शन्स चालू करायला सुचवेल, त्याला नाही म्हणा. मार्जिन किंवा उधारीवर खरेदीची सोयही बंद ठेवा.

पगार दरमहा येत असेल आणि महिन्याला दोन-तीन हजारच घालायचे असतील तर डीमॅटच्या भानगडीत न पडता साध्या इंडेक्स फंडाची (निर्देशांकावरच चालणारा, पण थेट फंडाकडून घ्यायचा म्युच्युअल फंड) एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम, बरी. तिथे एनएव्हीलाच युनिट मिळतं, भाव बघत बसावं लागत नाही. ईटीएफ जास्त सोयीचा आहे तो हंगामात मोठी रक्कम हाती येणाऱ्यांना आणि ऑर्डर नीट टाकायची तयारी असलेल्यांना.

पायरी ३ : यादी वाचा

फंडाच्या वेबसाइटवर दर महिन्याला फॅक्टशीट येते. त्यात कंपन्यांची यादी आणि प्रत्येकीचं वजन असतं. नाव बाजूला ठेवा आणि पहिल्या दहा कंपन्या वाचा. निम्मं चित्र तिथेच कळतं. निफ्टी ५० वाचलीत तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त बँका आणि वित्तसंस्था दिसतील. म्हणजे 'भारताची वाढ' घेताना तुम्ही सगळ्यात मोठा हिस्सा भारतातल्या कर्जाच्या धंद्याचा घेत असता.

आता नव्या कल्पनांचं काय? उदाहरण आपल्या हातातलंच घेऊ. गणपती पेठेत किराणा घेतला, फोन काढला, क्यूआर स्कॅन केला, पैसे गेले. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयने देशाचा रोजचा व्यवहार बदलला. पण ते चालवणारी एनपीसीआय लिस्टेड नाही. ती ना नफा तत्त्वावरची, बँका भागधारक असलेली संस्था आहे. यूपीआयच्या नेहमीच्या पेमेंटवर व्यापाऱ्याकडून शुल्क घ्यायला जानेवारी २०२० पासून मनाई आहे. एवढी मोठी कल्पना, पण तिचा फायदा दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला झाला, भागधारकाला थेट काही नाही. देशासाठी ही उत्तमच गोष्ट आहे. फक्त 'यूपीआय वाढतंय म्हणून फिनटेक फंड घ्या' असं कोणी सांगितलं तर त्या फंडात नेमक्या कोणत्या कंपन्या आहेत आणि त्या पैसे कशातून कमावतात, हे विचारा.

केनियातली एम-पेसा हे दुसरं उदाहरण. सफारिकॉमने २००७ मध्ये साध्या मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय काढली आणि बँकेत खातं नसलेली माणसं व्यवहारात आली. सफारिकॉम लिस्टेड आहे, नैरोबीच्या बाजारात. पण एमएससीआय ही निर्देशांक बनवणारी कंपनी केनियाला 'फ्रंटियर' (उदयोन्मुखच्याही खालच्या, लहान बाजारांच्या) गटात धरते, 'इमर्जिंग' गटात नाही. त्यामुळे एमएससीआयच्या इमर्जिंग मार्केट्स निर्देशांकावर चालणाऱ्या फंडात ती मिळत नाही. मग त्या निर्देशांकात असतं काय? देश चोवीस आहेत, पण चीन, तैवान, भारत आणि दक्षिण कोरिया या चारांचं मिळून वजन जवळपास तीन चतुर्थांश. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या एकट्या कंपनीचा वाटा दहा टक्क्यांच्या वर आहे. आणि असाच फंड एफटीएसई या दुसऱ्या निर्देशांक बनवणाऱ्या कंपनीच्या निर्देशांकावर चालणारा असेल तर त्यात कोरिया नसेल, कारण एफटीएसई कोरियाला विकसित देश मानते. नाव दोघांचं 'इमर्जिंग मार्केट्स', आणि एकात सॅमसंग आहे, दुसऱ्यात नाही.

भारतातल्या नव्या कंपन्यांकडे निर्देशांक उशिरा पोहोचतो. झोमॅटोचा आयपीओ जुलै २०२१ मध्ये आला, निफ्टी ५० मध्ये तिला जागा मिळाली मार्च २०२५ मध्ये. मधल्या काळात शेअर पडलाही बराच आणि वाढलाही बराच, त्यातलं निफ्टीच्या युनिटधारकाला काहीच भोगावं लागलं नाही आणि काही मिळालंही नाही. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये २१५० रुपयांना दिला गेला आणि पहिल्याच दिवशी सुमारे २७ टक्क्यांनी पडला. तो निफ्टी ५० मध्ये कधी आलाच नाही. माझ्या मते हा उशीर नवख्या माणसाच्या फायद्याचा आहे. सुरुवातीची मोठी वाढ हुकते, पण बुडणाऱ्यांपैकी बरेच आत येण्याआधीच गळतात. आत आलेलेही बुडू शकतातच. येस बँक निफ्टीत असतानाच कोसळली आणि मार्च २०२० मध्ये यादीतून गेली.

आणि लांब कशाला जा? १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडलच्या माळावर कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमीन नासते असं समजणाऱ्या शेतकऱ्यांना त्यांनी तोच नांगर विकून दाखवला. आपल्या जिल्ह्यातला याहून मोठा औद्योगिक प्रयोग मला तरी ठाऊक नाही. किर्लोस्कर ब्रदर्स आज लिस्टेड आहे, पण निफ्टी ५० च्या यादीत ती सापडणार नाही. अशा मधल्या-लहान कंपन्या हव्या असतील तर मिडकॅप, स्मॉलकॅप निर्देशांकाचे फंड असतात. त्यांची चढ-उतार सोसायची तयारी मात्र हवी.

पहिल्या खरेदीसाठी एकच फंड पुरे : निफ्टी ५० किंवा सेन्सेक्सचा. त्यात दोन-तीन वर्षं काढा. मग नेक्स्ट ५० किंवा मिडकॅप १५० चा विचार करा. एकाच निर्देशांकाचे चार फंड दिसले तर तीन गोष्टी बघा. रोजची उलाढाल किती, खर्च किती, आणि गेल्या काही वर्षांत निर्देशांकापेक्षा फंड किती मागे पडला. हे शेवटचं म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. खर्च कमी दाखवून ट्रॅकिंग डिफरन्स जास्त असलेला फंड घेऊ नका.

पायरी ४ : ऑर्डर

सगळ्यात जास्त पैसे इथे नकळत जातात. समजा एका कमी उलाढालीच्या ईटीएफची आतल्या शेअर्सवरून निघणारी किंमत ५० रुपये आहे. ही किंमत आयएनएव्ही म्हणून फंडाच्या वेबसाइटवर दिवसभर बदलताना दिसते. तुम्हाला ४०० युनिटं हवीत. म्हणजे २०,००० रुपये. विकणाऱ्यांच्या बाजूला स्क्रीनवर असं दिसतं :

१०० युनिटं ५०.१० ला
१५० युनिटं ५०.९० ला
१५० युनिटं ५२.४० ला

तुम्ही 'मार्केट' ऑर्डर टाकली तर वरपासून सगळी उचलली जातात : ५,०१० अधिक ७,६३५ अधिक ७,८६०, एकूण २०,५०५ रुपये. ५०५ रुपये जास्त गेले. फंडाचा वार्षिक खर्च शेकडा पाच पैसे धरला तर २०,००० वर वर्षाला दहा रुपये होतात. म्हणजे पन्नास वर्षांचा खर्च एका बटणात गेला, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये तो कुठेही वेगळा दिसत नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला उभा राहिलेला कुठलाही खरेदीदार 'काय असेल त्या भावाला घ्या' असं अडत्याला सांगत नाही. मार्केट ऑर्डर म्हणजे नेमकं तेच सांगणं. म्हणून नेहमी 'लिमिट' ऑर्डर. आधी आयएनएव्ही बघा, त्याच्या आसपास, फार तर पाव टक्का वर भाव लिहा आणि थांबा. वरच्या उदाहरणात ५०.१० लिहिलं असतं तर १०० युनिटं लगेच मिळाली असती, उरलेली मार्केट मेकर पुढे आल्यावर मिळाली असती. नाही मिळाली तर उद्या. घाई कसली?

वेळही महत्त्वाची. बाजार सकाळी ९.१५ ला उघडतो, दुपारी ३.३० ला बंद होतो. पहिली वीस-पंचवीस मिनिटं सोडा, शेवटचीही सोडा. भारतीय निर्देशांकाला एवढं पुरतं. हाँगकाँगच्या ईटीएफला मात्र जास्त लक्ष लागतं. तिथला बाजार आपल्या वेळेने सकाळी ७ ला उघडतो, साडेनऊ ते साडेदहा जेवणाची सुट्टी, आणि दुपारी दीडला बंद. म्हणून हँगसेंग या हाँगकाँगच्या निर्देशांकाचं युनिट घ्यायचं तर साडेदहा ते दीडच्या मध्ये. अमेरिकेचा बाजार आपल्या संध्याकाळी उघडतो, त्यामुळे नॅसडॅक या तिथल्या बाजाराच्या ईटीएफचा इथला भाव कायम अंदाजाचाच असतो.

घेतलेली युनिटं पुढच्या कामकाजाच्या दिवशी डीमॅटमध्ये दिसतात.

पायरी ५ : परदेशी जायचं का

आधी स्वतःची शेती, घर, नोकरी, ठेव यांच्याकडे बघा. सगळं एका उदयोन्मुख देशातच आहे, त्या देशाचं नाव भारत. म्हणून परदेशी थोडं असावं हे मला पटतं, पण एकूण गुंतवणुकीच्या दहा टक्क्यांपर्यंतच. त्याची कारणं इतिहासात आहेत.

चिनी कंपन्यांचं मोठं वजन असलेला हँगसेंग निर्देशांक जानेवारी २०१८ मध्ये ३३,००० च्या वर होता, ऑक्टोबर २०२२ मध्ये १५,००० च्या खाली. याच काळात चीनची अर्थव्यवस्था मोठी होत होती आणि तिथली इलेक्ट्रिक गाडी, बॅटरी, मोबाइल पेमेंट जगाच्या पुढे गेलं. जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने शालेय विषयांच्या खाजगी शिकवण्यांना नफा कमवायला बंदी घातली, तेव्हा त्या क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर एका दिवसात निम्म्याहून जास्त पडले. रशियाचं तर त्याहून वाईट झालं. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर ९ मार्च २०२२ रोजी एमएससीआयने रशियन शेअर्स इमर्जिंग निर्देशांकातून काढले, ते जवळपास शून्य किमतीला. कंपन्या चालू होत्या, तेल विकत होत्या. बाहेरच्या गुंतवणूकदाराच्या हातात काही उरलं नाही.

मार्ग दोन आहेत. पहिला, भारतातच लिस्ट असलेले हँगसेंग किंवा नॅसडॅक १०० चे ईटीएफ. इथे वर सांगितलेली मार्केट मेकरची गोष्ट आडवी येते. भारतीय म्युच्युअल फंडांना परदेशी शेअर्समध्ये मिळून ७ अब्ज डॉलर आणि परदेशी ईटीएफमध्ये आणखी १ अब्ज डॉलर एवढीच मर्यादा आहे. २०२२ च्या सुरुवातीला ती भरत आली आणि सेबीने नवी गुंतवणूक थांबवायला सांगितलं. पुढे थोडी सूट मिळाली, पण प्रश्न सुटला नाही. नवी युनिटं बनत नाहीत, घेणारे वाढतात, मग बाजारभाव एनएव्हीच्या वर जातो. काही फंडांत हा फरक दहा टक्क्यांच्याही वर गेलेला आहे. शंभराची वस्तू एकशे दहाला घेतली आणि उद्या मर्यादा वाढली तर दहा रुपये काहीही न घडता जातात. दोन टक्क्यांहून जास्त फरक दिसला की मी खरेदी सोडून देतो, तुम्हीही सोडा.

दुसरा मार्ग रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेतून पैसे बाहेर पाठवून अमेरिकेत लिस्ट असलेला ईटीएफ घेण्याचा. वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत परवानगी आहे. गुंतवणुकीसाठी वर्षात १० लाखांच्या वर पाठवलेल्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो, तो विवरणपत्र भरताना वळता होतो. पण दरवर्षी विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरावं लागतं, आणि ते चुकलं आणि परदेशी मालमत्ता २० लाखांच्या वर असेल तर काळा पैसा कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. शिवाय धारक वारला आणि अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर तिथला वारसा कर लागतो, त्याचा दर ४० टक्क्यांपर्यंत जातो. पन्नास हजार-लाख रुपयांसाठी हा व्याप करू नये असं मला वाटतं.

सोन्याबद्दल दोन शब्द

विटा-आटपाडीच्या गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) व्यावसायिकांनी देशभर सोन्याचा धंदा केला, त्यामुळे इथे कोणी सोनं समजावून सांगायची गरज नाही. दागिना हा वापराचा. गुंतवणुकीचं सोनं ठेवायचं असेल तर गोल्ड ईटीएफमध्ये घडणावळ आणि घट दोन्ही वाचतात. शेअर्स पडतात तेव्हा हे उपयोगी पडू शकतं. घेताना नियम तेच : लिमिट ऑर्डर, आयएनएव्ही.

पायरी ६ : हंगामाचा पैसा कसा टाकायचा

द्राक्षाचे तीन लाख उरले आणि ईटीएफमध्ये घालायचे ठरले तर एका दिवशी सगळे घालू नका. सहा भाग करा, उरलेले बँकेत किंवा लिक्विड फंडात (थोड्या दिवसांसाठी पैसे ठेवायच्या कमी जोखमीच्या फंडात) ठेवा, आणि महिन्याची एक तारीख धरून पन्नास-पन्नास हजार घाला. तारीख आली की बाजार वर असो की खाली, ऑर्डर जायलाच हवी. पडल्यावर घेऊ म्हणून थांबणाऱ्याला पडल्यावर भीती वाटते आणि तो घेत नाही. वर्षातून एकदा, समजा दिवाळीनंतर, किती टक्के कुठे आहे ते बघा. परदेशी भाग दहाचा पंधरा झाला असेल तर पुढच्या हंगामाचे पैसे भारतीय फंडात घाला, विकायची गरज पडत नाही.

पायरी ७ : विक्री आणि कर

भारतीय शेअर्सचा ईटीएफ वर्षाच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के, वर्षानंतर विकला तर १२.५ टक्के, आणि दीर्घ मुदतीचा वर्षातला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे. भारतात लिस्ट असलेले गोल्ड आणि परदेशी शेअर्सचे ईटीएफ वर्षाच्या आत विकले तर नफा तुमच्या उत्पन्नात धरून कर, वर्षानंतर १२.५ टक्के. सव्वा लाखाची सूट यांना नाही. दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून मोठी विक्री करण्याआधी सीएंना एकदा विचारा. शेतीचं उत्पन्न करमुक्त असतं म्हणून त्या पैशांतून घेतलेल्या ईटीएफचा नफाही करमुक्त, असा समज आपल्याकडे बऱ्याच जणांचा आहे. तो चुकीचा आहे. विकताना प्रत्येक वेळी पंधरा-वीस रुपयांचा डीपी चार्ज (डीमॅटमधून युनिटं काढण्याचं शुल्क) लागतो, म्हणून दोन-दोन हजारांची विक्री करत बसू नका.

आणि फसवणूक

'परदेशी ईटीएफ, महिन्याला पाच टक्के खात्रीने' असं सांगणारा व्हॉट्सॲप गट दिसला की लगेच बाहेर पडा. ईटीएफमध्ये खात्रीचा परतावा नसतो. पैसे फक्त तुमच्या ब्रोकरच्या अधिकृत खात्यात जायला हवेत, कुणाच्या वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर नाही. युनिटं खरंच आली की नाही ते सीडीएसएल किंवा एनएसडीएल (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्था) यांच्या स्टेटमेंटमध्ये बघा, कारण बनावट ॲपवर नफ्याचे कितीही मोठे आकडे दाखवता येतात. सल्लागार म्हणवणाऱ्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर तपासा. ब्रोकरविषयी तक्रार असेल तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर करा. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लाजेपोटी गप्प बसू नका, पहिल्या तासातच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.